भाकरी मिळाली, कोरड्यासाचे काय?

श्रावण सरत आला की मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत दरवर्षी ओळखीची गर्दी दिसू लागते. जुलाब-उलट्या आणि तापाने मलूल झालेली लहान मुले, आणि गरोदरपणाच्या तपासणीसाठी आलेल्या, पापणीच्या आतला लालपणा पार गेलेल्या बायका. हिमोग्लोबिन आठ, कधी सात. काल काय जेवलात असे विचारले तर उत्तर बहुधा सारखेच असते. सकाळी चहा, दुपारी भात नाहीतर पोळी आणि ठेचा, रात्री पुन्हा तेच. डाळ? आठवड्यातून एक-दोनदा, तीही पातळ. दूध? चहापुरते. भाजी? बाजाराच्या दिवशी आणली तर. आणि ज्या रस्त्याने ही माणसे रुग्णालयात येतात, त्याच्या दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत हिरवेगार सोयाबीन उभे असते.

या घरांत धान्य नाही, असे नसते. रेशनचा गहू-तांदूळ असतो. तोही फुकट. म्हणून ही उपासमार नव्हे, असे म्हणून अनेकदा विषय मिटवला जातो. पण ज्याला आहारशास्त्रात अन्नसुरक्षा म्हणतात, तिचा अर्थ पोट भरणे एवढाच नाही. वर्षभर, घरातल्या प्रत्येकाला, शरीर उभे राहील असे अन्न मिळण्याची खात्री म्हणजे अन्नसुरक्षा. या व्याख्येने पाहिले तर शेतकऱ्यांचा हा प्रदेशच अन्नाच्या बाबतीत असुरक्षित आहे. त्याचे कारण रुग्णालयात सापडत नाही. ते शेतात आणि बाजारात शोधावे लागते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तीन फेऱ्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर महाराष्ट्राचे चित्र स्पष्ट होते. २००५-०६ मध्ये राज्यातली पाच वर्षांखालील ४६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१५-१६ पर्यंत हे प्रमाण ३४ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत झालेली ही घट लहान नव्हती. त्यानंतर मात्र गाडी अडली. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ३५ टक्के आहे. उंचीच्या मानाने कृश असलेली मुले दोन्ही फेऱ्यांत सारखीच, म्हणजे जवळपास २६ टक्के.

रक्तक्षयाचे आकडे तर उलट दिशेने गेले. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये २०१५-१६ साली ४८ टक्के जणींना रक्तक्षय होता. पुढच्या फेरीत तो ५४ टक्के जणींमध्ये आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ५४ वरून ६९ टक्क्यांवर गेले. याच काळात रेशनचे धान्य नियमित झाले, लोहाच्या गोळ्यांचे वाटप वाढले, दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. तरीही रक्त वाढले नाही. म्हणजे ताटात काहीतरी कमी आहे, आणि ती उणीव गोळीने किंवा गव्हा-तांदळाने भरून निघत नाही.

ज्वारी एकटी येत नसे

सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात ज्वारीचे क्षेत्र साठ लाख हेक्टरांच्या आसपास होते. आज ते वीस लाखांच्याही खाली आले आहे. खरिपाची ज्वारी तर नावापुरती उरली. तिची जागा मुख्यतः सोयाबीनने घेतली. विदर्भात आधीपासून असलेल्या कापसाने उरलेली जमीन धरून ठेवली. आज राज्यात सोयाबीन आणि कापूस या दोन पिकांखाली मिळून ऐंशी लाख हेक्टरांहून अधिक जमीन असते. ही दोन्ही पिके शेतकऱ्याच्या घरात शिजत नाहीत. कापूस जिनिंगला जातो. सोयाबीनचे तेल निघते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशात जाते.

यावर ‘ज्वारी पौष्टिक, गहू निकस’ असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो बरोबर नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांत ज्वारी आणि गहू यांतली प्रथिने आणि लोह जवळपास सारखे आहे. पॉलिश केलेला तांदूळ लोहात फारच मागे पडतो, हे खरे. पण ज्वारीच्या भाकरीऐवजी गव्हाची पोळी आली म्हणून कोणी आजारी पडले नसते.

फरक पडला तो ज्वारीच्या सोबत्यांमुळे. ज्वारीच्या शेतात ज्वारी एकटी नसायची. तिच्या तासांमध्ये तूर असे, मूग-उडीद असे, बांधाला तीळ, अंबाडी, चवळी असे. रब्बीत करडई असे, तिचे तेल गावच्या घाण्यावर निघे. पावसाळ्यात याच शेतात तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा उगवे. निंदणीला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊनच घरी येई. ज्वारी निघाली की कडबा उरे. त्या कडब्यावर बैलजोडी आणि एखादी गाय किंवा म्हैस वर्ष काढी. घरात दूध-ताक राही आणि उन्हाळ्यात ताकातली आंबील होई. म्हणजे एका शेतातून भाकरी येत होती आणि तिच्याशी लावून खायचे कोरड्यासही येत होते. डाळ, पालेभाजी, ताक, तेल, तीळ यांतले फारसे काही विकत आणावे लागत नसे.

सोयाबीनच्या शेतातून एकच गोष्ट बाहेर पडते. तिचे पोते भरते आणि आडतीला जाते. तणनाशकाने गवताबरोबर तांदुळजा आणि घोळही जातात. सोयाबीनचे कुटार जनावराला चालते, पण त्याने कडब्याची गरज भागत नाही. चारा कमी झाला, ट्रॅक्टर आला, तशी गोठ्यातली जनावरे विकली गेली. दूध शेतातून नाही, डेअरीच्या पिशवीतून येऊ लागले, आणि पिशवीला पैसे लागतात.

त्या जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेव्हाही मुले मरत होती, आणि आजच्यापेक्षा कितीतरी जास्त. भूमिहीनाच्या घरी तेव्हाही ताक दुसऱ्याच्याच घरून येत होते. मुद्दा एवढाच, की ताटातले जे पदार्थ शेतातून येत होते ते आता बाजारातून आणावे लागतात, आणि त्यासाठी लागणारा पैसा वेळेवर हातात नसतो.

शेतकऱ्याचे चुकले का?

शेतकऱ्याने ज्वारी का सोडली, याला त्याच्याकडे सरळ उत्तरे आहेत. खरीप ज्वारी कणसात असताना पाऊस लांबला की दाणा काळा पडतो आणि व्यापारी तो निम्म्या भावाने मागतो. आजूबाजूच्या सगळ्यांनी सोयाबीन पेरले आणि आपण दोन एकर ज्वारी केली, तर पंचक्रोशीतली पाखरे त्याच दोन एकरांवर उतरतात. रानडुकरांचा त्रास वेगळाच. ज्वारी काढायची, कणसे खुडायची, पेंढ्या बांधायच्या, तर मजूर मिळत नाहीत. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत हाती येते, मळणी यंत्राने होते, दिवाळीच्या तोंडावर रोकड देते आणि रान हरभऱ्यासाठी मोकळे करते. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे, मुलीची फी भरायची आहे, तो रोकड देणारे पीकच घेणार. त्यात अडाणीपणा नाही, हिशेब आहे.

गडबड अशी की या हिशेबात भावाचा आकडा शेतकऱ्याच्या हातात नाही. सोयाबीनचा भाव अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिनातल्या पिकावर, पेंडीच्या मागणीवर आणि खाद्यतेलाच्या आयात शुल्कावर ठरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेले होते. तेव्हा शेतकऱ्याकडे विकायला दाणा नव्हता. नवे पीक बाजारात आले तोवर भाव निम्म्यावर आला. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बहुतेक बाजार समित्यांत माल चार हजारांच्या आसपास जात होता.

तुरीची कथा याहून बोलकी आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. गरिबाच्या ताटातून वरण गेले. तो भाव पाहून पुढच्या वर्षी शेतकऱ्यांनी भरभरून तूर पेरली. पाऊसही चांगला झाला. २०१६-१७ मध्ये हमीभाव ५,०५० रुपये असताना खुल्या बाजारात तूर त्याच्या खूप खाली विकली गेली, आणि खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. डाळ महाग झाली तेव्हा खाणारा मेला आणि स्वस्त झाली तेव्हा पिकवणारा. मराठवाड्यात तर ही दोन्ही माणसे बहुतेक वेळा एकाच घरातली असतात. स्वतःची तूर काढणीला स्वस्तात विकणारा शेतकरी सहा महिन्यांनी तीच डाळ लातूरच्या गिरणीतून आलेल्या पिशवीत किरकोळ भावाने विकत घेतो.

भाद्रपदातली भूक

पैशाच्या या येण्या-जाण्याला ऋतू असतो, आणि आजारपणालाही तोच ऋतू असतो. जूनमध्ये बियाणे, खते यांत घरातली रोकड जाते. जुलै ते सप्टेंबर हातात काही नसते. मजुरीचे काम निंदणीपुरते असते. किराणा उधारीवर चालतो आणि उधारीच्या यादीतून पहिली जाते ती डाळ, मग तेल, मग अंडी. याच महिन्यांत पाणी गढूळ होते, हगवण, हिवताप वाढतात. आजारी मुलाला अन्नाची गरज जास्त असते तेव्हाच घरात ते सर्वांत कमी असते. एका हगवणीत मुलाचे घटलेले वजन भरून यायला आठवडे लागतात. तेवढ्यात दुसरी हगवण येते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जातात, तेव्हा त्यांच्यासोबतची मुले आधीच एक हंगाम उपाशी काढून आलेली असतात.

स्त्रियांचे नुकसान दिसायला वेळ लागतो, पण ते पुढच्या पिढीपर्यंत जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या गावांमधील गरोदर स्त्रियांचा आहार आणि त्यांच्या बाळांचे वजन यांचा अभ्यास केला. त्यात आईने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने खाल्ली याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे ती किती वेळा खाते, याच्याशी मात्र स्पष्ट संबंध दिसला. हीच बाळे युरोपातल्या बाळांच्या तुलनेत लहान आणि कृश होती, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. अशा बाळांना मोठेपणी मधुमेहाचा धोका अधिक असतो. शेतकऱ्याच्या घरातला आजचा पन्नाशीतला मधुमेही आणि त्याच घरातली रक्तक्षय झालेली सून हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण त्यांचे मूळ एकाच ताटात असू शकते.

अशा बाईला लोहाच्या गोळ्या द्यायलाच हव्यात. पण रक्त तयार व्हायला लोहाबरोबर प्रथिने, फोलेट आणि ब-१२ जीवनसत्त्वही लागते. ब-१२ तर वनस्पतींतून मिळतच नाही, दूध, अंडी, मांस-मासळीतूनच येते. रिकाम्या पोटी गोळीने मळमळते म्हणून ती डब्यात राहते. वर चहा घेतला की अन्नातले लोह शोषले जाण्याचे प्रमाण आणखी घटते. रेशनच्या तांदळात लोह, फोलेट, ब-१२ मिसळण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली आणि २०२४ पर्यंत हा तांदूळ सगळीकडे पोहोचवण्यात आला. त्याचा उपयोग असलाच तरी तो डाळ-भाजी-दुधाची जागा घेणारा नाही.

१९७२ चा धडा अर्धाच घेतला

महाराष्ट्राला भूक नवी नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्यांना खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो आठवतो. त्या वर्षी धान्याचे उत्पादन कोसळले, तरी बंगालच्या १९४३ च्या दुष्काळासारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. लाखो लोकांना दुष्काळी कामांवर रोख मजुरी मिळाली आणि त्या मजुरीने त्यांनी उपलब्ध असलेले अन्न विकत घेतले, हे त्याचे मोठे कारण. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी त्यांच्या लेखनात हे उदाहरण विस्ताराने मांडले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्याच काळात रुजली आणि पुढे तिचा कायदा झाला.

माणूस उपाशी राहतो तो अन्न नसल्याने कमी आणि ते मिळवण्याची ऐपत नसल्याने जास्त, हा तो धडा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तो पुढे नेला. ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकसंख्येपर्यंत धान्याचा हक्क पोहोचवला. माणशी महिना पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. या धान्याने किती चुली विझू दिल्या नाहीत, हे कोरोनाच्या काळात साऱ्या देशाने पाहिले. त्याला नावे ठेवणारे बहुधा कधी रेशनच्या रांगेत उभे राहिलेले नसतात.

पण हिशेब करून पाहावा. महिना पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यातून साधारण ५७० उष्मांक मिळतात. मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेने २,१३० उष्मांक ठरवली आहे. म्हणजे रेशनने जेमतेम पाव गरज भागते. बाकी तीन हिस्से बाजारातून आणायचे. याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा त्याऐवजी मांसाहार सुचवला आहे. पाच माणसांच्या घराला हे महिन्याला पावणेतेरा किलो होते. डाळ १२० रुपये किलो धरली तर दीड हजार रुपये नुसत्या डाळीचे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते आणि त्यातले पिकातून येणारे चार हजारांनाही पोहोचत नव्हते. हे वर्षाच्या सरासरीचे गणित झाले. भाद्रपदातले गणित याहून वाईट असते.

करता काय येईल?

यातले काहीच अशक्य नाही, कारण शेजाऱ्यांनी ते करून दाखवले आहे. तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ आणि तेल सवलतीत मिळते. कर्नाटकात दक्षिणेकडे नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी रेशनवर दिली जाते. छत्तीसगडने आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात आदिवासी भागासाठी हरभऱ्याचा समावेश केला. ओडिशाने २०१७ पासून भरडधान्यांची मोहीम राबवून आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी खरेदी केली आणि रेशनवर वाटली. महाराष्ट्रात दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ म्हणून चणाडाळ, तेल मिळून पाहिले आहे. ते सणापुरते होते. शरीराला डाळ रोज लागते.

पहिली गोष्ट, रेशनवर डाळ. देशात तूर आणि हरभरा पिकवण्यात महाराष्ट्र आघाडीवर आहे. ती तूर, तो हरभरा काढणीच्या वेळी हमीभावाने खरेदी करून त्याच जिल्ह्यात डाळ करून रेशनवर दिला, तर पिकवणाऱ्याला भाव आणि खाणाऱ्याला डाळ, दोन्ही एकाच व्यवहारात साधते. संपूर्ण वर्षाचा खर्च झेपत नसेल तर आषाढ ते आश्विन या चार महिन्यांपासून सुरुवात करावी. भूक तेव्हाच सर्वांत खोल असते.

दुसरी गोष्ट, ज्वारी. शहरांत भरडधान्यांची आवड वाढली, २०२३ हे वर्ष त्यांच्या नावाने साजरे झाले, आणि ज्वारी शहरातल्या दुकानात गव्हाहून महाग झाली. ज्या घराची ती रोजची भाकरी होती त्याला गहू फुकट आणि ज्वारी न परवडणारी, असा उलटा प्रकार झाला. मध्यंतरी काही जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी दिली गेली, पण तो नियम झाला नाही. ज्वारी गव्हाइतकी टिकत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणूनच ती पिकते त्याच भागात खरेदी करून काही महिन्यांत तिथेच वाटली पाहिजे. हमीभावाची नुसती घोषणा करून भागणार नाही, दरवर्षी ठरलेल्या तारखेला खरेदी केंद्र उघडले पाहिजे. ती खात्री असेल आणि यंत्राने काढता येतील अशी वाणे हाती आली, तर शेतकरी स्वतःहून काही एकर परत ज्वारीला आणि तिच्यातल्या तुरी-मुगाला देईल. त्याला उपदेशाची गरज नाही.

तिसरी गोष्ट अंगणवाडी आणि आश्रमशाळांची. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक गरम चौरस जेवण आणि मुलांना अंडी देण्याची सोय झाली. रक्तक्षय केवळ मेळघाट-नंदुरबारपुरता नाही, हे सर्वेक्षणाने दाखवले आहे. कोरडवाहू तालुक्यांतल्या गरोदर स्त्रियांनाही निदान पावसाळ्यात असे जेवण मिळायला हवे.

आणि चौथी गोष्ट मोजण्याची. अन्नसुरक्षेचा अहवाल आजही किती टन धान्य उचलले आणि किती कार्डांवर वाटले, एवढ्यावर थांबतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण चार-पाच वर्षांनी येते. अंगणवाडीतली मुलांची वजने आणि गरोदर स्त्रियांचे हिमोग्लोबिन मात्र दर महिन्याला कुठल्यातरी वहीत नोंदले जाते. या नोंदी तालुक्यातल्या पेरणी-काढणीच्या आणि बाजारभावाच्या नोंदींशेजारी ठेवल्या, तर भूक कोणत्या महिन्यात आणि कोणत्या गावात येणार आहे हे आधी कळेल. आज कृषी खात्याला वजने ठाऊक नाहीत आणि आरोग्य खात्याला भाव ठाऊक नाहीत.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण पैसा आजही खर्च होतोच. तो तीव्र रक्तक्षयामुळे बाळंतपणात द्याव्या लागणाऱ्या रक्ताच्या पिशव्यांवर होतो, कमी वजनाच्या बाळांच्या अतिदक्षता कक्षावर होतो, वीस-तीस वर्षांनी मधुमेहाच्या औषधांवर होतो. हा खर्च आरोग्याच्या नावाने लिहिला जातो म्हणून तो शेतीमालाच्या भावाशी जोडला जात नाही, इतकेच.

आठ हिमोग्लोबिन असलेल्या बाईला डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात आणि सांगतात, डाळ खा, पालेभाजी खा, दूध घ्या. ती मान हलवते. तिच्या शेतात सोयाबीन आहे, ते निघायला अजून दीड महिना आहे, आणि दुकानात मागची उधारी बाकी आहे. गोळ्या रुग्णालयात मिळतात. चिठ्ठीवरच्या बाकीच्या तीन गोष्टी मिळण्याची सोय मंत्रालयातच करावी लागेल.